दवाखाना वाढतो कशावर? मिरजेपासून मसुऱ्यापर्यंत

आंगणेवाडीची जत्रा जवळ आली की मसुऱ्यात चाकरमानी उतरू लागतात. आंगणेवाडी ही मसुऱ्याचीच एक वाडी, पण भराडीदेवीमुळे तिचं नाव गावापेक्षा मोठं झालं आहे. या दिवसांत गावकामाच्या गोष्टी निघतात. सभामंडप, शाळेचं छप्पर, वाडीचा रस्ता, आणि मग कोणीतरी म्हणतंच, "दवाखान्याचं पण काहीतरी करूया." कोकणाला वर्गणी नवी नाही. मुंबईतल्या गावमंडळांनी गिरणीच्या पगारातून आणे-रुपये गोळा करून गावाकडे देवळं आणि शाळा उभ्या केल्या. मग दवाखान्यालाच काय अडचण आहे, असा प्रश्न मला बरेचदा विचारला जातो.

अडचण पैशाची असतेच, पण ती बहुतेक वेळा आपण समजतो त्या जागी नसते. ते समजून घ्यायला जुना इतिहास उपयोगी पडतो. म्हणून आज एखाद्या आजाराऐवजी रुग्णालयांबद्दलच लिहितो आहे.

मालवण किनाऱ्यावरच्या माणसाला मोठं दुखणं आलं की पूर्वी तीन वाटा होत्या. पहिली आगबोटीने मुंबई. परळचं के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली उघडलं, आणि गिरणगावात एखादा काका किंवा भाऊ असला की त्याच्या खोलीत पथारी ठरलेली. दुसरी वाट गोव्याची. पणजीत १८४२ पासून वैद्यकीय विद्यालय होतं, पण १९६१ पर्यंत मध्ये पोर्तुगिजांची हद्द होती. तिसरी वाट घाटावरची. फोंडा घाट किंवा गगनबावडा चढून कोल्हापूर, तिथून रेल्वेने मिरज. "मिरजेला नेलं" हे वाक्य दक्षिण कोकणातल्या जुन्या पिढीच्या तोंडी असायचं, आणि त्याचा अर्थ दुखणं गंभीर आहे एवढाच असायचा. पुढचं सांगावं लागत नसे.

मिरज हे काही राजधानीचं शहर नव्हतं. पटवर्धनांच्या एका संस्थानाचं ते गाव. तिथे एवढं मोठं रुग्णालय का झालं?

विल्यम वानलेस हे कॅनडात जन्मलेले आणि न्यूयॉर्कला शिकलेले तरुण डॉक्टर १८८९ च्या अखेरीस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. सुरुवात सांगलीत एका छोट्या दवाखान्याने झाली. पुढे ते मिरजेत गेले. थोरल्या पातीच्या संस्थानिकांनी जागा दिली, इमारतीचा पैसा अमेरिकेतल्या देणगीदारांकडून आला आणि १८९४ साली रुग्णालय उघडलं. इथवरची गोष्ट हिंदुस्थानातल्या इतर अनेक मिशन रुग्णालयांसारखीच आहे. परदेशी पैशाने भिंती उभ्या राहिल्या, असं त्या काळी पुष्कळ ठिकाणी झालं. त्यातली बरीच रुग्णालयं पन्नास वर्षांनंतरही तेवढीच राहिली किंवा बंद पडली. मिरज वाढलं. का वाढलं, ते पाहण्यासारखं आहे.

पहिलं कारण रेल्वे. पुण्याहून दक्षिणेकडे जाणारा मार्ग मिरजेवरून गेला आणि १८९१ साली कोल्हापूरचा फाटा तिथून निघाला. पोटात मूतखडा असलेला मुलगा, मोतिबिंदूने आंधळी झालेली म्हातारी, मोठी गाठ घेऊन वर्षानुवर्षं फिरणारी बाई यांना बैलगाडीतून दोनशे किलोमीटर नेणं अशक्य होतं. आगगाडीने ते शक्य झालं. आपण हॉस्पिटल म्हटलं की डॉक्टरांचं नाव घेतो. स्टेशनचं नाव कोणी घेत नाही.

दुसरं कारण म्हणजे शस्त्रक्रिया. त्या काळात औषधांनी बरे होणारे आजार थोडेच होते. प्रतिजैविकं नव्हती, क्षयावर औषध नव्हतं, मधुमेहावर इन्सुलिन यायला अजून पंचवीसेक वर्षं होती. पण क्लोरोफॉर्म होतं आणि जंतुनाशक पद्धतीने शस्त्रक्रिया करायची विद्या नुकतीच रुजली होती. मोतिबिंदू, मूतखडा, हर्निया, गाठी या गोष्टींत निकाल डोळ्यांना दिसतो. आंधळा गेलेला माणूस पाहत परत आला की त्याची जाहिरात करावी लागत नाही. मिरजेचं नाव असं एकेका रुग्णाच्या पायांनी पसरलं.

तिसरं कारण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं, पण त्याबद्दल कमी बोललं जातं. ते आहे हिशोबाचं. गरिबाला फुकट आणि श्रीमंताला पुरेपूर फी, असं ते गणित होतं. संस्थानिक, इनामदार, व्यापारी मिरजेला येत, पैसे मोजत, आणि बरे झाले तर देणगीही देत. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा वानलेस यांच्याशी स्नेह होता. त्यामुळे परदेशातून येणाऱ्या पैशावर भिंती उभ्या राहिल्या, पण रोजचा खर्च हळूहळू इथल्याच लोकांच्या पैशातून भागू लागला. दिव्याचं तेल, पट्ट्या, धोबी, स्वयंपाक आणि महिन्याच्या महिन्याला द्यायचा पगार या गोष्टींना कोणी कोनशिला लावत नाही. रुग्णालय मात्र त्यांच्यावरच चालतं.

मोतिबिंदूचंच उदाहरण घ्या. आज पंधरा-वीस मिनिटांत शस्त्रक्रिया होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. तेव्हा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवायची सोय नव्हती, जखम बारीक टाक्यांनी शिवायची सोयही जवळपास नव्हती. म्हणून रुग्णाला डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून अनेक दिवस हलू न देता झोपवून ठेवत. म्हणजे एका डोळ्यामागे कित्येक दिवसांची खाट, तेवढ्या दिवसांचं जेवण, भांडं देणारा माणूस आणि रात्री खोकला आला तर जवळ बसणारं कोणीतरी. शस्त्रक्रियेला सर्जनची दहा मिनिटं लागत. बाकीचे सगळे दिवस परिचारिकेचे.

आणि ही माणसं होती कुठे? नव्हतीच. म्हणून १८९७ साली मिरजेला वैद्यकीय शाळा सुरू झाली. त्याच सुमाराला प्लेग मुंबईहून घाटमाथ्यावर पसरत होता. पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला. अशा वेळी नवी इमारत काढण्याऐवजी माणसं शिकवायला घेणं हा निर्णय मला फार दूरचा वाटतो. इथून शिकून बाहेर पडलेले डॉक्टर आणि परिचारिका पुढे दक्षिण महाराष्ट्रातल्या गावोगावी गेले, आणि त्यांना न झेपणारा रुग्ण अर्थातच मिरजेला धाडू लागले. शाळेने रुग्णालयाला हात दिले आणि रुग्णही दिले.

पुढचा विस्तार वेगळ्या जातीचा आहे. १९०० साली कुष्ठरुग्णांसाठी संस्था निघाली आणि १९२० च्या सुमारास क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम. त्याच्या भोवतीची वस्ती आज वानलेसवाडी म्हणून ओळखली जाते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ पर्यंत लागला नव्हता. क्षयाला उपचार म्हणजे विश्रांती, मोकळी हवा आणि चांगलं खाणं, तेही महिनोन् महिने. अशी खाट कधीच स्वतःचा खर्च काढत नाही. मोतिबिंदूची खाट काढते, हर्नियाची काढते. कमावत्या खाटांनी न कमावत्या खाटा पोसायच्या, आणि तरी तूट राहिली तर त्यासाठी कायमचा देणगीदार शोधायचा. मिरजेचा विस्तार या हिशोबावर उभा होता. १९२८ साली वानलेस यांना 'सर' किताब मिळाला, १९३३ साली ते वारले. १९६२ साली मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालं, त्याच्या सुरुवातीच्या शिकवण्यातही या रुग्णालयाचा वाटा होता.

मग तेच आपल्या किनाऱ्यावर का झालं नाही? प्रयत्न झाला होता. वेंगुर्ल्याचं सेंट ल्यूक्स हॉस्पिटल याच मिशनचं. तिथे डॉ. रॉबर्ट गोहीन काम करत. त्यांचा मुलगा, त्याचंही नाव रॉबर्ट, १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मला. तो पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचा भारतातला राजदूत म्हणून परत आला. आपल्या तालुक्याच्या गावाचं नाव कुठे कुठे पोचतं बघा. पण रुग्णालय मिरजेएवढं झालं नाही, आणि त्यात तिथल्या डॉक्टरांचं काही कमी होतं असं मला वाटत नाही. एके काळी बेळगावकडचा माल वेंगुर्ला बंदरातून जाई. १८८० च्या दशकात मुरगावची रेल्वे झाली आणि तो व्यापार तिकडे वळला. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ साल उजाडलं. शंभर वर्षं रेल्वे नाही, फी देणारा श्रीमंत वर्ग थोडा, कर्ती माणसं मुंबईत. अशा मुलखात फीवर मोठं रुग्णालय पोसलं जात नाही. तिथे दुसरी काहीतरी व्यवस्था लागते.

ती व्यवस्था कागदावर मांडणारा माणूस नाशिकला जन्मलेला. सर जोसेफ भोर. शिक्षण पुण्यात, नोकरी आय.सी.एस.ची. १९४३ साली त्यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य पाहणीची समिती नेमली गेली आणि १९४६ मध्ये अहवाल आला. प्राथमिक आरोग्य केंद्र ही कल्पना आपल्याकडे या अहवालातून आली. लगेच अमलात आणायच्या योजनेत समितीने चाळीस हजार लोकांमागे एक केंद्र सुचवलं होतं. त्यात माणसं किती? डॉक्टर २, परिचारिका १, सार्वजनिक आरोग्य परिचारिका ४, सुईणी ४, प्रशिक्षित दाया ४, स्वच्छता निरीक्षक २, आरोग्य साहाय्यक २, औषधनिर्माता १ आणि इतर कर्मचारी १५. बेरीज करा. ३५ माणसं, त्यांतले डॉक्टर फक्त दोन. दूरच्या योजनेत तर दहा ते वीस हजार लोकांमागे पंचाहत्तर खाटांचं केंद्र होतं. म्हणजे त्या स्वप्नातल्या मसुऱ्यासारख्या मोठ्या गावाच्या पंचक्रोशीत आज तालुक्याला असतं त्याहून मोठं रुग्णालय असायला हवं होतं.

प्रत्यक्षात १९५२ पासून केंद्रं निघू लागली ती एवढ्या माणसांची नव्हती. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि केंद्रं त्यांच्याकडे गेली. १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. इमारती वाढल्या, निवासस्थानं बांधली गेली. रिकाम्या पदांची गोष्ट मात्र त्या काळापासून आजपर्यंत आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे.

तरीही एका साध्या आरोग्य केंद्रात काय होऊ शकतं याचा दाखला कोकणातच आहे. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाचा दंश झालेली मुलं तिथे येत आणि त्यांतली बरीच दगावत. विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रिनलीनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तदाब चढतो, हातपाय गार पडतात, घाम फुटतो, आणि थोड्या वेळाने हृदय थकून फुप्फुसात पाणी साचतं. बावस्करांनी हे यंत्रावर पाहिलं नाही, ते रुग्णाच्या खाटेजवळ बसून पाहिलं. रात्रभर पुन्हा पुन्हा रक्तदाब मोजायचा, नाडी मोजायची, लिहून ठेवायचं. १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्यांची निरीक्षणं छापून आली. पुढे रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन हे साधं, तोंडाने घ्यायचं औषध त्यांनी वापरलं, आणि मृत्यूचं प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या कामासाठी नवीन कक्ष लागला नाही. रक्तदाबाचं यंत्र, काही रुपयांच्या गोळ्या आणि रात्री दोन वाजता जागा असलेला डॉक्टर एवढंच लागलं. विंचू आजही चावतो, म्हणून जाता जाता सांगतो. दंश झाल्यावर घाम, उलटी, हातपाय गार पडणं यातलं काही दिसलं तर नुसतं दुखणं समजून घरी थांबू नका. केंद्रात जा आणि रक्तदाब मोजायला सांगा.

आता वर्गणीकडे येतो. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती मिळाली. समितीसाठी वर्षाला एक लाख, देखभालीसाठी पन्नास हजार आणि मुक्त निधी पंचवीस हजार, असे त्या वेळचे आकडे होते. रक्कम लहान वाटते. पण ही पहिल्यांदाच अशी रक्कम होती जी गावातली माणसं आणि डॉक्टर एकत्र बसून, वरच्या मंजुरीची वाट न पाहता खर्च करू शकत होती. जनरेटरचं डिझेल, नळाची दुरुस्ती, बाळंतिणीच्या खोलीतला गिझर. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे मी सांगायला नको. लसी ठेवायच्या शीतपेटीला मात्र ते माहीत नसतं. गावमंडळाला दवाखान्यासाठी काही करायचं असेल तर पहिली चौकशी या समितीत करावी. तिथे कशाची कमतरता आहे ते आधीच लिहिलेलं असतं.

देणगीत रुग्णवाहिका द्यायची इच्छा सर्वांना असते, कारण तिच्या अंगावर नाव लिहिता येतं. २०१४ पासून राज्यात १०८ ची सेवा आहे. तरी गावाला आपली गाडी हवी असेल तर घ्यावी, पण खरेदीच्या दिवशीच तीन चालकांच्या पगाराची सोय करावी. चोवीस तासांना एक चालक पुरत नाही, आणि अडलेली बाळंतीण दिवसा उजेडीच येईल असा काही करार नसतो. ईसीजी यंत्राचंही तसंच. यंत्र एकदा येतं. कागदाची गुंडाळी दर महिन्याला लागते, आणि काढलेला आलेख दहा मिनिटांत वाचून सांगणारा डॉक्टर फोनवर का होईना, मिळावा लागतो.

शिबिरांचा इतिहासही लक्षात ठेवण्यासारखा आहे. बेळगाव आणि सीमाभागातल्या जुन्या लोकांना डॉ. मोदींची नेत्रशिबिरं आठवत असतील. शाळेच्या वर्गात टेबलांची रांग, आणि एकेका दिवसात शेकडो मोतिबिंदू. लाखो लोकांना त्याने दृष्टी मिळाली. पण पुढे डोळ्यात भिंग बसवायची पद्धत आली. भिंगासाठी सूक्ष्मदर्शक आणि निर्जंतुक शस्त्रक्रियागृह हवं, शाळेचा वर्ग चालत नाही. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने मोतिबिंदूचा प्रकल्प सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता, आणि त्या काळापासून गावात फक्त तपासणी आणि शस्त्रक्रिया मोठ्या रुग्णालयात अशी रीत पडली. म्हणून आज गावात नेत्रशिबिर भरवायचं तर बॅनरच्या आधी बस ठरवावी लागते. तपासून "मोतिबिंदू आहे" असं सांगितलेली आजी मालवणला, ओरोसला किंवा जिथे सोय असेल तिथे पोचली नाही, तर त्या शिबिराने तिला नुसती एक चिठ्ठी दिली.

रक्तदाब-मधुमेहाच्या शिबिरात हे आणखी जाणवतं. जत्रेत चालून, उन्हात रांगेत उभं राहून आलेल्या माणसाचा एकदा मोजलेला रक्तदाब वाढलेला दिसला, तर त्यावरून निदान होत नाही. शांत बसवून, वेगळ्या दिवशी, पुन्हा मोजावा लागतो. मुंबईहून आलेले तज्ज्ञ दुसऱ्या दिवशी परत जातात. पुन्हा मोजणारी व्यक्ती गावातलीच असते. उपकेंद्राची परिचारिका किंवा आशाताई. शिबिराची यादी त्या संध्याकाळी त्यांच्या हातात पडली पाहिजे, आणि पुढचे सहा महिने गोळ्यांचा साठा केंद्रात आहे का ते आधी विचारलं पाहिजे. मधुमेहाची गोळी पंधरा दिवस घेऊन संपली की माणूस बरा झाला असं समजतो. याला त्याची चूक म्हणता येत नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

रक्तदानाचा हिशोब तर थेट तारखांचा आहे. रक्तपेढीत तांबड्या पेशी साधारण पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम पाच दिवस. जत्रेच्या किंवा मोठ्या पुढाऱ्याच्या वाढदिवशी दोनशे पिशव्या जमल्या, तर त्या सगळ्या एकाच आठवड्यात मुदतीला येतात. मग मे महिन्यात अपघात होतात आणि पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण येतात, तेव्हा पेढी रिकामी असू शकते. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात ठरलेली नसते, ती देवीच्या कौलाने दरवर्षी ठरते. म्हणून मंडळांनी जत्रेला जोडून एकच मोठं शिबिर घेण्याऐवजी रक्तपेढीला फोन करून विचारावं की कोणत्या महिन्यात, किती आणि कोणत्या गटाच्या पिशव्या लागतील. वाड्यांनी महिने वाटून घेतले तर जत्रेला एक वाडी, गणपतीत दुसरी, मे महिन्यात चाकरमानी घरी असतात तेव्हा तिसरी, असं बसवता येतं. ज्यांना दर तीन महिन्यांनी रक्त देता येतं अशा पुरुषांची आणि दर चार महिन्यांनी देता येतं अशा स्त्रियांची नावं, रक्तगट आणि फोन नंबर लिहिलेली एक साधी वही आरोग्य केंद्रात असली, तर तिला वर्गणी लागत नाही.